शिवसागरात स्कुबा सराव: बोटीवरची बचावतयारी कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातले एक बचाव पथक कोयनेच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीच्या बाजूला, स्कुबाचा सराव सुरू करणार आहे. आठ जण प्रशिक्षित आहेत, भाड्याची लाँच ठरली आहे. बोटीवर लाइफ जॅकेट, दोर, ट्यूब, प्रथमोपचार पेटी आणि एक ऑक्सिजन सिलिंडर असेल. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. सामान फारसे कमी नाही, हिशेब कमी पडतो आहे. पाण्यात माणूस अडचणीत आल्यापासून तो डॉक्टरांच्या हाती जाईपर्यंत किती मिनिटे जातील, हे आधी कागदावर मांडा. ती सगळी मिनिटे बोटीवरच्या वस्तूंनी आणि माणसांनी भरून काढायची आहेत. शिवसागरात ती मिनिटे समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त असतात, आणि त्यात घाट आहे.

ऑक्सिजनपासून सुरुवात करू. डीकम्प्रेशन आजार, म्हणजे दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होणे, यावर बोटीवर करता येण्यासारखा खरा उपचार एकच: शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन, लगेच आणि न थांबवता. पिशवीवाल्या नॉन-रिब्रीदर मास्कला मिनिटाला 15 लिटर लागतात. सिलिंडरमध्ये किती आहे ते काढणे सोपे: सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले गेजवरचा दाब. 10 लिटरच्या बी-टाइप सिलिंडरमध्ये 150 बार असतील तर 1,500 लिटर, म्हणजे 100 मिनिटे. गेज 100 बार दाखवत असेल तर 1,000 लिटर, जेमतेम 66 मिनिटे.

आता रस्ता मोजा. सरावाच्या जागेपासून धक्क्यापर्यंत लाँचने 20 ते 30 मिनिटे. रुग्णाला गाडीत घ्यायला 10. बामणोली ते सातारा कासमार्गे साधारण 35 किलोमीटर, वळणांचा रस्ता. रविवारी किंवा फुलांच्या हंगामात पठारावर गाड्यांची रांग असते. दवाखान्याच्या दारात ऑक्सिजन बदलून होईपर्यंत दोन तास धरा. 120 गुणिले 15 म्हणजे 1,800 लिटर. काठोकाठ भरलेला एक बी-टाइप सिलिंडर कास उतरतानाच संपेल. म्हणून एका रुग्णासाठी दोन सिलिंडर, आणि पाण्यातला जोडीदारही त्याच खोलीवरून त्याच घाईने वर आलेला असतो म्हणून तिसरा. डिमांड व्हॉल्व्ह (श्वास ओढला तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडणारी झडप) असेल तर गॅस वाचतो आणि ऑक्सिजनही जास्त शुद्ध मिळतो, पण तो स्वतः श्वास घेणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसालाच चालतो. 108 ची रुग्णवाहिका वाटेत भेटू शकते, तिच्यात ऑक्सिजन असतो. तो हिशेबात धरू नका, मिळाला तर वरकड.

सिलिंडर असणे आणि तो चालणे यात फरक आहे. घोटाळा नेहमी त्याच चार जागी होतो: चावी सापडत नाही, वॉशर गळून पडलेला असतो, रेग्युलेटर दुसऱ्या जातीच्या तोंडाचा असतो, किंवा मास्कची पिशवी न फुगवताच तोंडाला लावली जाते. चावी सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधा. दोन जादा वॉशर रेग्युलेटरच्या डबीत टाका. मास्क लावण्याआधी पिशवीच्या तोंडाशी असलेली झडप बोटाने दाबून पिशवी पूर्ण फुगू द्या, मग लावा. रुग्ण श्वास घेताना पिशवी अर्ध्याहून जास्त चपटी होत असेल तर प्रवाह वाढवा. आपल्याकडे वैद्यकीय ऑक्सिजनच्या सिलिंडरचे अंग काळे आणि खांदा पांढरा असतो. वेल्डिंगच्या दुकानातून भरून आणू नका. झाकणाला, आट्यांना, हाताला ग्रीस किंवा तेल असेल तर ते पुसल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, आणि उघडायचा तो हळू. लाँचच्या मशीनपाशी काम केलेला हात थेट सिलिंडरला लागतो, म्हणून ही ताकीद बोटवाल्यालाही द्या.

आता उंचीचे. शिवसागर पूर्ण भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर असते. स्कुबात 300 मीटरच्या वरचे पाणी उंचीवरचे समजतात, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो आणि समुद्रासाठीचे डाइव्हचे तक्ते (कोणत्या खोलीवर किती वेळ राहायचे ते सांगणारे) तसेच्या तसे लागू पडत नाहीत. इथे दाब समुद्रपातळीच्या सुमारे 92 टक्के. म्हणून प्रत्यक्ष 20 मीटरची डाइव्ह तक्त्यात 22 मीटरची धरायची. बहुतेक नवे डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्यात खोली आणि वेळ मोजणारी यंत्रे) उंची आपोआप ओळखतात, जुन्यांना हाताने सांगावे लागते. पाण्यात उतरण्याआधी पडद्यावर उंचीचे चिन्ह आले का ते बघा. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत. त्याच दिवशी मुंबईहून किंवा कोकणातून वर आलेल्या माणसाच्या अंगात तिथल्या दाबाचा नायट्रोजन शिल्लक असतो, त्यामुळे त्याला पहिल्या दिवशी उथळच ठेवा.

आणि इथून बाहेर पडणारे नेहमीचे रस्ते आधी चढतात. बामणोलीहून साताऱ्याला जायला कास पठार ओलांडावे लागते, ते सुमारे 1,200 मीटरवर. तापोळ्याहून निघाले तर महाबळेश्वर, 1,372 मीटर. म्हणजे ज्याच्या अंगात बुडबुडे झाले आहेत त्याला दवाखान्यात नेताना आपण त्याच्यावरचा हवेचा दाब आणखी 6 ते 8 टक्क्यांनी कमी करतो. बुडबुडे फुगतात, लक्षणे वाढतात. पाण्याच्या काठावर नुसता खांदा दुखत असलेला माणूस पठारावर पाय बधिर झाल्याचे सांगू लागला, तर त्यामागे हे कारण असू शकते.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही आधीच ठरवायचे. पहिला: चढाच्या रस्त्यावर ऑक्सिजन एक मिनिटही काढायचा नाही, सिलिंडर बदलायचा तर चढ लागण्याआधी, उभ्या गाडीत. दुसरा: डाइव्ह इतकी सौम्य ठेवा की ही वेळ येण्याची शक्यताच कमी राहील. सरावासाठी 12 ते 15 मीटर पुष्कळ झाले. डाइव्ह संपल्यावर निरोगी माणसांनीही लगेच कास चढू नये. विमानासाठी जो नियम सांगतात, एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर 18 तास, तोच इथे पाळा: रात्री बामणोलीतच मुक्काम, सकाळी निघा. खाली धरणाच्या बाजूने कोयनानगर, पाटण, कऱ्हाड हा रस्ता उतरत जातो आणि दाबाच्या दृष्टीने बरा. पण पाण्यावरून तिथवरचे अंतर मोठे, इंधन जास्त लागते, आणि धरणाजवळ बोट नेण्याला बंदी असते. आधी लेखी परवानगी आणि उतरण्याची जागा ठरलेली नसेल तर आणीबाणीत तो विचार करू नका. ऑक्सिजन लावून कासवरून चला. मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून आंबोलीमार्गे त्याच दिवशी घरी परतणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मंडळींनाही हेच लागू आहे. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे.

दाबकक्षाची, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करण्याच्या बंद खोलीची, गरज पडली तर मुंबईत कुलाब्याला नौदलाचे आयएनएचएस अश्विनी रुग्णालय आहे, तिथे पाणबुड्यांच्या आजारावर उपचाराची सोय आहे. रुग्णाला थेट तिकडे पळवायचे नसते. आधी साताऱ्यात स्थिर करायचे आणि तिथल्या डॉक्टरांनी बोलून पाठवायचे. खासगी रुग्णालयांत जखमा भरण्यासाठी हायपरबेरिक कक्ष असतात, पण तिथे पाणबुड्याला घेतीलच असे नाही. सरावाच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा आणि उत्तर बोटीवरच्या कागदावर लिहून ठेवा.

आता बोट. पाण्यातला बेशुद्ध माणूस लाँचवर कसा घेणार, हे करून पाहिले नसेल तर ते जमत नाही असेच समजा. लाँचचा काठ पाण्यापासून हातभर ते दोन हात उंच. 75 किलोचा माणूस, ओला सूट, बीसीडी (हवा भरून तरंगवणारे जॅकेट), टाकी, शिशाची वजने, आणि वरून ओढणारे दोघे काठावर वाकलेले. काखेत हात घालून ओढायला गेले की त्याचे डोके मागे पडते, श्वासमार्ग बंद होतो, आणि लाँच त्या बाजूला कलते. पाण्यातच आधी वजने सोडा, मग बीसीडीचे पट्टे आणि बकल. ते निघत नसतील तर कापा, कापण्याची हळहळ करू नका.

वर घेण्यासाठी दोर लावलेली जाड ताडपत्री किंवा जाळीची पट्टी पुरते: सुमारे दीड मीटर रुंद, तीन मीटर लांब. तिची एक कड काठाच्या आतल्या बाजूला दोन-तीन ठिकाणी पक्की बांधायची. उरलेला भाग पाण्यात सोडायचा, म्हणजे झोळी तयार होते. पाण्यातला माणूस रुग्णाला काठाला समांतर, उताणा, झोळीत आणतो. वरचे दोघे सुटी कड दोन्ही टोकांनी एकाच वेळी ओढतात आणि रुग्ण लोळत काठावर येतो. पोत्याला दोर टाकून लोळवत ट्रकवर चढवतात तीच युक्ती; ओढणाऱ्याला निम्मेच वजन लागते. दोन्ही टोके सारखी ओढली नाहीत तर रुग्ण डोक्याकडून घसरतो. डोक्याकडचा माणूसच हुकूम देईल, दुसरे कोणी बोलणार नाही. हे सगळे मशीन बंद असताना. मशीन चालू असताना कोणी शिडीजवळ येऊ नये, ते न्यूट्रलमध्ये असले तरीही.

आठ जण आहात, तर आठही जण पाण्यात जाणार नाहीत. चार पाण्यात, चार वर. वरच्यांत एक नोंद ठेवणारा, तोच त्या दिवसाचा प्रमुख. त्याचा शब्द अखेरचा आणि तो स्वतः डाइव्ह करत नाही. एक सूट-बीसीडी-टाकी चढवून, मास्क गळ्यात घेऊन बसलेला स्टँडबाय. एक दोर धरणारा, एक ऑक्सिजन आणि सीपीआर (छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे) पाहणारा. लाँचवाला यात मोजायचा नाही, त्याने सुकाणू सोडायचे नाही. स्टँडबायच्या टाकीचाही हिशेब करा. 12 लिटरच्या टाकीत 200 बार म्हणजे 2,400 लिटर. शांत माणूस वर मिनिटाला 20 लिटर घेतो; घाबरलेला, ओढाताण करणारा 40. 20 मीटरवर ते तिप्पट, 120. म्हणजे टाकी संपेपर्यंत 20 मिनिटे, आणि वर येण्याची हवा राखून हातात 12-13. एवढ्यात त्याने अडकलेल्या माणसापर्यंत पोचून, सोडवून, वर आणायचे आहे. उथळ ठेवण्याचे हे दुसरे कारण.

मोजदाद हा विषय सगळ्यांना सोपा वाटतो. 25 जानेवारी 1998 रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपे डाइव्हनंतर समुद्रातच राहिले आणि बोट निघून गेली. ते आले नाहीत हे दोन दिवसांनी, बोटीवर त्यांचे सामान सापडल्यावर कळले. डोकी मोजून ही चूक टळत नाही, कारण मधेच कोणी पुन्हा पाण्यात उडी मारतो, कोणी दोनदा मोजला जातो. नावाने हजेरी घ्या. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने 'आलो' म्हणायचे, कोणी दुसऱ्यासाठी म्हणायचे नाही. पाटीवर नाव, उतरल्याची वेळ, टाकीचा दाब, वर आल्याची वेळ. पाटी पूर्ण भरल्याशिवाय लाँचवाल्याने चावी फिरवायची नाही. हे त्याला पैसे ठरवतानाच सांगा.

कोणी ठरल्या वेळेला वर आला नाही तर सगळ्यात पहिली कृती म्हणजे वजन बांधलेला बोया जागेवर टाकणे. बोट वाऱ्याने सरकते, पाच मिनिटांत 'इथेच होता' या शब्दाला अर्थ उरत नाही. मग वेळ लिहा, पाण्यातल्या बाकीच्यांना परत बोलवा, स्टँडबायला दोरावर उतरवा. बोलावण्याची खूण आधी ठरलेली हवी: शिडीच्या लोखंडी नळीवर पाण्याखाली पान्याने तीन-तीन ठोके चांगले ऐकू जातात. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या माणसाला निरोप. बामणोलीच्या बाजूला मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून रेंज लागते अशा जागी एक माणूस गाडीसह दिवसभर बसलेला असावा, त्याच्याकडे 108 आणि दवाखान्याचे नंबर कागदावर लिहिलेले असावेत, आणि ठरावीक वेळी 'सगळे ठीक' हा निरोप आला नाही तर काय करायचे ते त्याला माहीत असावे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर बुडण्याचा रुग्ण समजा. इथे आपल्याकडचे जुने उपाय वेळ खातात: पोट दाबून पाणी काढणे, उलटे धरून हलवणे, माठावर पालथा घालणे. पोटातले पाणी काढून जीव वाचत नाही. उलट ते उलटी होऊन फुप्फुसात जाते. बुडालेल्याचे हृदय ऑक्सिजन न मिळाल्याने थांबलेले असते, म्हणून आधी श्वास: सुरुवातीला पाच, मग 30 दाब आणि 2 श्वास. दाब छातीच्या मध्यावर 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. नुसती छाती दाबत राहण्याची पद्धत इथे कामाची नाही. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसत बसू नका, त्यावरूनच श्वास द्या. लाँचच्या फळ्या लवतात, म्हणून रुग्ण टणक जागी हवा. झोळीसाठी काठ मोकळा ठेवताना तेवढी जागाही मोकळी ठेवा. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) असेल तर छाती कोरडी पुसून पट्ट्या लावा.

माणूस श्वास घेतो आहे, पण वर आल्यावर 10 मिनिटांच्या आत बेशुद्ध झाला, बोलताना अडखळला, एक बाजू लुळी पडली, तर फुप्फुस फाटून हवा रक्तात गेली असे धरा. घाबरून श्वास रोखून वर आलेल्यात हे होते आणि त्याला तीन-चार मीटरची खोलीही पुरते. सांधेदुखी, मुंग्या, विलक्षण थकवा, लघवी न होणे ही डीकम्प्रेशन आजाराची लक्षणे. ती काही मिनिटांत येतात किंवा काही तासांनी. 'दमलोय, झोपतो जरा' असे म्हणणाऱ्याला झोपू देऊ नका, आधी तपासा: नाव-वार विचारा, दोन्ही मुठी आवळायला लावा, दोन्ही पाय उचलायला लावा, चेहऱ्याचे दोन्ही अर्धे सारखे हलतात का पाहा. दोन्ही प्रकारांत उपचार तोच. सपाट आडवे ठेवा, उठून बसवू नका, पाय उंच करू नका, बेशुद्ध असेल तर कुशीवर. ऑक्सिजन सुरू. शुद्धीवर असेल आणि उलटी नसेल तर घोट-घोट पाणी. बरे वाटले म्हणून ऑक्सिजन काढायचा नाही, आणि पुन्हा पाण्यात उतरवून 'दाब देण्याचा' प्रयोग तर अजिबात नाही.

या जलाशयाच्या स्वतःच्या काही गोष्टी आहेत. खाली गावे बुडालेली आहेत: भिंती, विहिरी, झाडांचे सोट. पाणी उतरले की फेब्रुवारीनंतर तेच सोट लाँचच्या तळाला लागतात. मासेमारीची जाळी पाण्यात लटकत असतात. नायलॉनचा बारीक धागा चाकूने नीट कापत नाही, तो निसटतो. म्हणून प्रत्येकाकडे कात्री आणि चाकू, दोन वेगळ्या जागी, दोन्ही हातांना पोचतील असे. नवजाच्या बाजूला वीजनिर्मितीसाठी पाणी आत ओढले जाते. 1999 आणि 2012 मध्ये याच जलाशयात लेक टॅपिंग, म्हणजे पाण्याखालून बोगद्याचे तोंड फोडणे, झाले. अशा तोंडाजवळच्या दाबाच्या फरकाने माणूस ओढला गेला की कोणत्याही बळाने सुटत नाही, आणि पाण्यावरून काही दिसतही नाही. तो सगळा भाग वर्ज्य. जलसंपदा आणि वन विभागाच्या परवानगीत सरावाची हद्द लिहून घ्या.

खाली पाणबुडे आहेत हे सांगणारे डाइव्हचे झेंडे लावाच, पण वासोट्याला पर्यटक नेणाऱ्या लाँचवाल्यांना त्यांचा अर्थ माहीत असेलच असे नाही. सकाळी बोट क्लबवर जाऊन कुठे, किती वेळ, किती माणसे पाण्यात, हे तोंडी सांगा. तेच लोक तुमच्या मदतीला सर्वात आधी पोचणारे आहेत.

आगीकडे दुर्लक्ष होते, कारण आजूबाजूला पाणीच पाणी असते. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियात 'कन्सेप्शन' या डाइव्ह बोटीला रात्री आग लागून 34 माणसे गेली. रात्रपाळीला फिरता पहारेकरी नव्हता, आणि झोपण्याच्या तळघरातून बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटा एकाच जागी उघडत होत्या. तुमची लाँच उघडी आहे, पण पेट्रोलची कॅन, ऑक्सिजन आणि फोनचे चार्जर एका कोपऱ्यात आले की धोका तोच. ऑक्सिजन पुढे, इंधन मागे, कोरड्या पावडरचे अग्निशामक मशीनपासून दूर, म्हणजे आग लागल्यावर हात पोचेल असे. विडी-सिगारेट धक्क्यावरच.

भार हाही बचावाचाच भाग. 8 ऑगस्ट 2019 रोजी महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि माणसे गेली, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. आठ माणसे, आठ टाक्या, तीन सिलिंडर, वजने आणि ओले सामान मिळून एक टनापर्यंत जाते. लाँचवाला 'वीस माणसे बसतात' म्हणतो तेव्हा त्यात हे धरलेले नसते. टाक्या आडव्या, तळाशी, बांधून. उभी टाकी पडली तर पाय मोडते.

पहिली डाइव्ह करण्याआधी, सामान उतरवल्यावर लगेच, एक कवायत करा. एकाने बोटीपासून 50 मीटरवर निपचित पडायचे, नोंद ठेवणाऱ्याने घड्याळ लावायचे. तीन आकडे लिहा: मदतनीस पोचेपर्यंत, रुग्ण फळीवर येईपर्यंत, मास्कमधून ऑक्सिजन येईपर्यंत. फळीवर यायला पाच मिनिटांहून जास्त लागली तर त्या दिवशी डाइव्ह नाही, कवायतच पुन्हा. दर वेळी रुग्ण वेगळा घ्या, आणि सगळ्यात वजनदार माणसाला पहिल्यांदा पाण्यात टाका.

खरी वेळ आली तर रुग्णाबरोबर त्याचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि एक कागद पाठवा: किती खोल, किती वेळ, कधी वर आला, पहिले लक्षण कोणते आणि कधी, ऑक्सिजन कधी सुरू झाला. कागद त्याच्या सुटाला पिनने टाचा, खिशात नको. दवाखान्यात पहिल्यांदा कपडेच कापतात, म्हणून त्याची दुसरी प्रत गाडीतल्या माणसाच्या हातात द्या.